जुन्या चुलीच्या जागी निर्धूर चूल
(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



ताळेबंद आपल्या हाती आहेच. त्यातील एका लहान नोंदीविषयी चार शब्द सांगण्याची अनुज्ञा असावी. ‘निर्धूर चूल : देखभाल’ या शीर्षाखाली आम्ही यंदा प्रथमच खर्च दाखविला आहे. चुली बसवून झाल्या, आता देखभाल कसली, असे काही विश्वस्तांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. आम्हीही पूर्वी तसेच समजत होतो.

कधीही विडी न ओढलेल्या, परंतु आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या भगिनी धाप लागून आमच्याकडे दाखल होतात. फुप्फुसांचा हा जुनाट विकार औषधांनी आटोक्यात राहतो, समूळ जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू ओढवले. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली, गॅस खेडोपाडी पोहोचला; तथापि आमच्या परिसरात आंघोळीचे पाणी आणि भाकरी पुष्कळ घरी अद्याप सरपणावरच होते. म्हणून जुन्या चुलीच्या जागी धुराड्याची चूल बसविण्याचे कार्य आम्ही हाती घेतले.

अशाच एका घरच्या वृद्ध भगिनी बऱ्या होऊन गेल्या आणि पावसाळ्यात पुन्हा दाखल झाल्या. आम्ही घरी जाऊन पाहिले. चूल आमचीच, नळही जागेवर; मात्र नळाचे तोंड कौलांच्या आत, माळ्यावरच संपलेले! पाणी गळू नये म्हणून कारागिराने कौल फोडलेच नव्हते. धूर माळ्यावरून फिरून पुन्हा स्वयंपाकघरात उतरत होता, आणि सुकलेल्या वाशांना आगीचे भय होते ते निराळेच. दोष कारागिरापेक्षा आमचा अधिक. बिल मंजूर करताना आमच्यापैकी कोणीही शिडी लावून वर पाहिले नव्हते.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टींचा आग्रह धरतो. नळ सरळ उभा असावा आणि आढ्याच्या वर हात-दीड हात निघावा. माथ्यावर टोपी असावी. वाशांपासून नळ दूर ठेवावा, आणि छपरातून जातो तेथे भोवती पत्रा असावा. पूर्वी ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे नळ सर्रास वापरीत. ते कापताना उडणारे तंतू फुप्फुसांना अपायकारक असल्याने आम्ही ते घेत नाही. वैलावर भांडे नसेल तर झाकण हवेच, अन्यथा धूर तेथूनच बाहेर पडतो. चूल पेटल्यावर तोंडाशी उदबत्ती धरावी. तिचा धूर आत ओढला गेला तर नळ ओढतो आहे असे समजावे. आणि धुराडे असले तरी खिडकी बंद करून निखारे ठेवू नयेत. कार्बन मोनॉक्साइड या वायूला वास नसतो, तो झोपलेल्या माणसाला जागे करीत नाही.

एवढे करूनही काम संपत नाही. ओडिशात अडीच हजारांहून अधिक कुटुंबांत अशा चुलींचा दीर्घ अभ्यास झाला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, पुढे लाभ ओसरला. कारण चुलींचा वापर घटला आणि निगा राहिली नाही. आपला राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमही २००२ मध्ये बंद झाला. काजळीने नळ अरुंद होतो, लिंपणाला भेगा पडतात, आणि त्रासलेली गृहिणी अंगणात पुन्हा तीन दगड मांडते. तिला दोष कसा द्यावा? आम्ही वाणिज्य शाखेचे. घसारा हा शब्द आमच्या रोजच्या वापरातला. चुलीला तो लावायचा मात्र राहून गेला.

देणगीदारांना एक स्पष्ट विनंती आहे. नव्या चुलीसाठी देणगी मिळते, नळ साफ करण्याच्या ब्रशासाठी मिळत नाही. आणि त्यावर नावाची पाटीही लावता येत नाही. तरीही पुढील वर्षी नव्या चुली कमी बसवून जुन्या घरी वर्षातून दोनदा माणूस पाठवावा, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे.

पहिली फेरी वैशाखात, शाकारणीच्या वेळी होईल. तेव्हा कौले उतरलेलीच असतात. ज्या आप्तेष्टांच्या घरी अशी चूल आहे, त्यांनी आज जाण्यापूर्वी कार्यालयात गावाचे व घराचे नाव नोंदवावे.