‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणजे नेमकं काय?

(नांदेड आणि लातूर इथं महिला मंडळांच्या बैठकांत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मनाबद्दल बोलायचं आहे, पण मी सुरुवात शरीरापासून करणार आहे. घरातली एखादी बाई सारखी चिडचिड करते, रात्र रात्र जागी राहते, कारण नसताना रडते. अशा वेळी आपल्याकडे काय म्हणतात? ‘नखरे आहेत’, ‘बाहेरचं झालंय’, नाही तर ‘डोक्यावर परिणाम झालाय’. नखरे ठरले की बोलणी खायची, बाहेरचं ठरलं की अंगारेधुपारे, आणि डोक्यावर परिणाम ठरला की माहेरी रवानगी. तिच्या शरीरात काय चाललंय, हे मात्र कुणी विचारत नाही.

आपल्या शरीरातल्या काही ग्रंथी आपले रस थेट रक्तात सोडतात. त्यांना संप्रेरकं म्हणतात. दवाखान्यात तुम्ही ‘हार्मोन’ हा शब्द ऐकला असेल, तो यांच्यासाठीच. पाळी, गर्भ, दूध, भूक, झोप या सगळ्यांचे निरोप ही संप्रेरकं पोचवतात आणि त्यांतली काही मेंदूवरही काम करतात. म्हणून त्यांत मोठा चढउतार झाला की मनःस्थिती बदलू शकते. ज्या बाईला हे होतं ती कमजोर मनाची नसते, नाटकीही नसते.

गळ्यापाशी थायरॉईड नावाची ग्रंथी असते. तिचा रस कमी पडला की थकवा येतो, वजन वाढतं, थंडी सोसत नाही, केस गळतात, विसरायला होतं आणि मन उदास राहतं. उलट रस जास्त झाला तर छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते, जीव घाबराघुबरा होतो. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतो. तो रक्ताच्या तपासणीतून कळतो आणि गोळ्यांनी आटोक्यात येतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. थायरॉईड कमी पडल्यामुळे काही जणींना पाळीत फार रक्त जातं. हा धागा मी पुढं पुन्हा धरणार आहे.

बाळंतपणाचं घ्या. गरोदरपणात संप्रेरकांचं प्रमाण खूप वाढलेलं असतं. वार पडल्यावर दोन-तीन दिवसांत ते एकदम खाली येतं. म्हणून पहिल्या आठवड्यात बऱ्याच बाळंतिणींना रडू येतं आणि पुढं ते आपोआप थांबतं. पण दोन आठवडे उलटूनही उदासी गेली नाही, बाळाकडे पाहावंसं वाटलं नाही, मरणाचे विचार आले, तर तो आजार समजायचा. बाळंतीण भलतंसलतं बोलायला लागली, तिला भास व्हायला लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मुलगी झाली म्हणून घरात टोमणे चालू असतील, तर तिचं मन सावरणार कसं, हेही तिथंच विचारायला हवं.

आता आपल्या भागातल्या दुखण्याकडे येते. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून, कंधार, मुखेड, जळकोटकडून, दरवर्षी माणसं ऊसतोडीला जातात. नवराबायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. एक दिवस काम चुकलं की खाडा. फडात ना आडोसा, ना पाणी, आणि पाळीतही मोळ्या उचलायच्या. अंगावरून जायला लागलं की बाई डॉक्टरकडे जाते आणि तिला सल्ला मिळतो, ‘पिशवी काढून टाका, नाही तर कॅन्सर होईल.’

शेजारच्या बीड जिल्ह्यातला हा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे साधारण सहा जणींमागे एकीचं. पुढं ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं, गरज नसताना गर्भाशय काढणं थांबवण्यासाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत अमलात आणा, असा आदेश राज्यांना दिला.

या सगळ्या चर्चेत मनाचा विषय मात्र मागं पडला. एका तांड्यावर एक बाई मला म्हणाली, “ताई, पिशवी काढल्यापासून जीव कशातच रमंना. अंगातून वाफा निघत्यात. लेकरावर उगंच हात उगारते अन् मग रडत बसते.” वय असेल चौतीस-पस्तीस. बीजकोश ठेवलेत की काढलेत, असं मी विचारलं. तिला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

इथं नीट समजून घेऊ या. ‘पिशवी’ म्हणजे गर्भाशय. त्याच्या दोन बाजूंना दोन बीजकोश असतात आणि ईस्ट्रोजेन हे संप्रेरक मुख्यतः तिथं तयार होतं. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण बीजकोश काम करत राहतात. मात्र ते काहीसे लवकर थकू शकतात. पण दोन्ही बीजकोश काढले, तर निसर्गात काही वर्षांत हळूहळू घडणारी गोष्ट काही दिवसांत घडते. अंगातून वाफा, घाम, झोपमोड, चिडचिड, उदासी, आणि पुढं हाडं ठिसूळ होणं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी अशा बायकांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. पाळी जाण्याच्या वयाआधी ज्यांचे दोन्ही बीजकोश काढले होते, त्यांच्यात पुढं उदासी आणि चिंतेचा त्रास जास्त आढळला, असं त्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलं.

म्हणजे खाडा पडू नये म्हणून पिशवी निघते आणि त्यानंतर बाईचं मन ढासळलं की तिलाच वेडी ठरवलं जातं. ज्या रक्तस्रावासाठी एवढं ऑपरेशन झालं, तो कदाचित थायरॉईडमुळे असेल. निदान ती तपासणी आधी व्हायला नको का?

आता एक सावधगिरीची सूचना. हार्मोनचं नाव कळलं म्हणून प्रत्येक गोष्ट त्याच्यावर ढकलू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात जिनं लेकरं गमावली, तिची झोप का उडाली, हे रक्ताच्या तपासणीतून कळलं असतं का? दारुड्या नवऱ्याचा मार, कर्ज, दुष्काळ यांनीही मन खचतं आणि त्यावर गोळी हा उपाय नाही. उलट असंही होतं, की तपासणीत सगळं ठीक दिसतं आणि त्रास खरा असतो. पाळीच्या आधी काही जणींना फार त्रास होतो, त्यांची संप्रेरकं बहुधा योग्य प्रमाणातच असतात. त्यांच्या चढउताराला मेंदू जास्त संवेदनशील असतो. तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, जा घरी’ हे उत्तर पुरेसं नाही. आणि रागावलेल्या बाईला ‘तुझे हार्मोन बिघडलेत’ म्हणून गप्प बसवायचं असेल, तर तेही चालणार नाही. राग रास्तही असू शकतो.

मग करायचं काय? पिशवी काढा म्हटलं की चार प्रश्न विचारा. आजार नेमका कोणता? गोळ्या किंवा तांबी यांसारखा दुसरा उपाय करून पाहिला का? थायरॉईड आणि रक्तातलं लोह तपासलं का? बीजकोश ठेवणार की काढणार, आणि का? शक्य असेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. ऑपरेशन झालं असेल तर कागद मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. लहान वयात दोन्ही बीजकोश गेले असतील तर ईस्ट्रोजेनचे उपचार बऱ्याच जणींना लागू पडतात, पण सगळ्यांना चालत नाहीत. म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यायचे. दुकानातून परस्पर गोळ्या आणायच्या नाहीत.

मनाच्या त्रासासाठी लातूर आणि नांदेड या दोन्ही ठिकाणच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवाही आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, फुकट, आपल्या भाषेत बोलता येतं. नंबर गटाच्या वहीत लिहून ठेवा.

बचत गटाच्या बैठकीत आपण हप्ते विचारतो. त्याच बैठकीत एकमेकींना ‘झोप लागते का गं?’ एवढंही विचारायला सुरुवात करू या. जिला लागत नाही, तिच्याबरोबर कुणी तरी एकीनं दवाखान्यात जायचं आणि हे चार प्रश्न तिच्या वतीनं विचारायचे. हे ठरवून आज उठलो, तर इथं येण्याचं सार्थक झालं असं मी म्हणेन.

इतकं बोलून थांबते. आता तुम्ही बोला.