यादी घेऊन दुकानात जाण्याआधी

मे संपत आला की पुण्यात वह्या-पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा उरत नाही. पालकाच्या हातात शाळेची यादी असते आणि दुकानदाराला एकच सांगणे : "यातलं सगळं द्या." घरातले पैसे सर्वांत जास्त जातात ते या सांगण्यापायी. वही कुठे स्वस्त, हे नंतर पाहू. यादीतले विकत घ्यायचे किती, ते आधी ठरवायला हवे.

पाठ्यपुस्तकांचेच पाहा. सरकारी, पालिका-जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीला राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे 'बालभारती'ची पुस्तके समग्र शिक्षा योजनेतून मोफत मिळतात. पीडीएफ प्रतीही संकेतस्थळावर फुकट आहेत. पुस्तके हाती पडायला चार दिवस लागले, तर तेवढ्यापुरते त्यांवर भागते. दुसरा संच आणायचे कारण नाही. नववी-दहावीची पुस्तके मात्र विकत घ्यावी लागतात. ती वरच्या वर्गात गेलेल्या मुलांकडून निम्म्या किमतीत किंवा नुसत्या शब्दावर मिळू शकतात, पण त्यासाठी निकालाच्या दिवशीच बोलून ठेवावे. एक सावधगिरी हवी : २०२५-२६मध्ये पहिलीपासून नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येऊ लागला आहे. तेव्हा आपल्या इयत्तेचे पुस्तक बदलले का, हे विचारून मगच जुने घ्यावे.

वह्यांच्या बाबतीत सरकारने थोडा दिलासा दिला आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून वह्या, पेन्सिली आणि खोडरबर यांवरचा जीएसटी शून्य झाला, कंपासपेटीवरचा १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पाने काढून दाभणाने शिवली की रफ वही घरीच तयार होते. आपल्या आयांनी हे वर्षानुवर्षे केले आणि त्यात कमीपणा कधीच नव्हता.

गणवेश शिवून घेणार असाल तर शिंप्याला आत भरपूर माया ठेवायला सांगावे. उंची वाढली की दुमड उसवून वर्ष निघते.

खरा काच आहे तो सक्तीचा. शाळेचे नाव छापलेल्या वह्या, एकाच दुकानातला गणवेश, खासगी प्रकाशकाचा महागडा संच. अशी सक्ती करू नका, असे शिक्षण विभाग परिपत्रकांतून शाळांना बजावत आला आहे. पण एकट्या पालकाला बोलायची भीती वाटते. आपल्या मुलावर राग निघेल, ही धास्ती खोटी नाही. म्हणून २०११चा महाराष्ट्राचा शुल्क विनियमन कायदा पालकांनी वाचावा. त्याने प्रत्येक खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ अनिवार्य केला आहे आणि त्याच्या कार्यकारी समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. यादीचा विषय या समितीकडे न्यावा, तोही फेब्रुवारीतच. शाळेने वह्यांची छपाई एकदा सांगून टाकली की जूनमध्ये हाती फक्त पावती येते.