डोके चेपणारा हात



आपल्या मराठीत ‘डोकेदुखी’ हा शब्द आता एका दुखण्यापुरता राहिलेला नाही. कटकटी शेजारी, न फिटणारे कर्ज, वर्षानुवर्षे रेंगाळणारा दावा, या सर्वांनाच आपण डोकेदुखी म्हणतो. जे दुखणे घरोघर ठाऊक असते, त्याचेच नाव असे भाषेत पसरते. आणि दुखणे जितके घरगुती, तितकाच त्यावरचा सर्वांत जुना उपायही घरगुती आहे: कोणीतरी उशाशी बसावे आणि डोके चेपून द्यावे. आज या साध्या उपायाविषयीच मला बोलावयाचे आहे. चेपल्याने आराम का पडतो, हात नेमका कोठे व कसा ठेवावा, आणि तो कोठे आवरावा, असे तीन प्रश्न मी घेणार आहे. पैकी तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मी वैद्य नव्हे. माझा जन्म खडूफळ्यात गेला. तेव्हा औषध सांगण्याचा माझा अधिकार नाही. जाणत्यांनी सिद्ध केलेले सोपे करून सांगणे एवढेच माझे काम.

मी राहतो ते घणसोली गाव ठाण्याच्या खाडीच्या पूर्वकाठचे, आगरी-कोळी वस्तीचे. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर ते पिढ्यानुपिढ्या जगले. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबई उभी राहू लागली आणि गाव शहराच्या कुशीत गेले. आज येथून आगगाडीने ठाण्यास वा वाशीस जाता येते आणि पंचक्रोशीत संगणकावर काम चालणाऱ्या मोठमोठ्या कचेऱ्या आहेत. जुन्या पिढीतील माणसे भाताचे भारे व मासळीच्या पाट्या डोक्यावर वाहत. त्यांच्या नातवंडांच्या डोक्यावर काहीच नसते. तरीही मान अवघडल्याची आणि डोके ठणकल्याची तक्रार त्यांचीच अधिक ऐकू येते. याचे कारण गमतीचे आहे. प्रौढ माणसाचे डोके सुमारे साडेचार ते पाच किलो वजनाचे असते. ते खांद्यांच्या बरोबर वर तोललेले असले, तर मानेच्या स्नायूंना फारसे श्रम पडत नाहीत. पडद्याकडे वा हातातील भ्रमणध्वनीकडे पाहताना ते पुढे झुकले, म्हणजे मागच्या स्नायूंना ते तासन् तास ओढून धरावे लागते. पूर्वी डोक्यावर ओझे असे; आता डोके हेच मानेवरचे ओझे झाले आहे.

डोक्याला तेल लावून चोळण्याची चाल आपल्याकडे फार जुनी. नित्य डोक्यास तेल लावणाऱ्याला शिरःशूल होत नाही व झोप सुखाची लागते, असे चरकसंहितेत सांगितले आहे. वाग्भटाने तर डोके, कान आणि तळपाय यांवर विशेष भर दिला. ही कला परदेशीही गेली. १७५९ साली पाटण्यास जन्मलेले शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील ब्रायटन येथे मर्दनाचे स्नानगृह काढले आणि पुढे ते इंग्लंडच्या राजाचे मर्दनकार झाले. आपली ‘चंपी’ आणि विलायती ‘शाम्पू’ हे शब्द एकाच मुळाचे आहेत. तेलाच्या बाटल्या घेऊन हिंडणारा मालिशवाला तर १९५७ सालच्या ‘प्यासा’ चित्रपटात जॉनी वॉकर यांनी अजरामर करून ठेवला. कपाळावर चोळावयाचे अमृतांजन मुंबईचे. काशिनाथुनी नागेश्वरराव या आंध्र गृहस्थांनी १८९३ साली ते येथे तयार केले. बोरघाटातील एका जुन्या पुलालाही लोक याच मलमाच्या नावाने ओळखीत. तो पूल २०२० साली पाडला गेला, पण नाव जिभेवर राहिलेच.

आता पहिला प्रश्न. चेपल्याने आराम का पडतो? तेल मेंदूत मुरते व तो थंड होतो, अशी एक समजूत आहे. ती खरी नव्हे. कवटीचे हाड आणि मेंदूवरील आवरणे ओलांडून तेल आत जात नाही. ते हात सुलभ फिरावा एवढ्यासाठीच. खरी गोष्ट अशी की, रोजच्या डोकेदुखीत पुष्कळदा दुखते डोके, पण ताण असतो तो मानेत, खांद्यांत आणि जबड्यात. मानेच्या वरच्या भागातून येणारे मज्जातंतू आणि चेहऱ्याच्या संवेदना वाहणारा त्रिशाखी मज्जातंतू यांचे संदेश मेंदूच्या बुडाशी एकाच ठिकाणी पोहोचतात. म्हणून मानगुटीतील आखडलेल्या स्नायूची कळ कपाळावर किंवा डोळ्यामागे उमटते. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या वैद्य राहिलेल्या जॅनेट ट्रॅव्हेल यांनी डेव्हिड सायमन्स यांच्या साहाय्याने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, कोणत्या स्नायूतील गाठ दाबली असता वेदना कोठे जाते, याचे नकाशेच काढून दाखविले आहेत. त्या गाठींचे स्वरूप काय, याविषयी तज्ज्ञांत अद्याप वाद आहे. पण मानेवर बोट दाबले असता ‘हीच माझी डोकेदुखी’ असे रोगी म्हणतो, हा अनुभव मात्र सर्वत्र येतो. हलक्या, सावकाश दाबाने तो स्नायू सैल होतो, श्वास संथ होतो, आणि मायेच्या स्पर्शाने मनही निवते.

अर्धशिशीची गोष्ट निराळी. ती केवळ स्नायूंची आखड नसून मेंदू व त्याच्या आवरणांतील मज्जातंतूंचा विकार आहे. अर्धे डोके ठणकते, मळमळते, उजेड आणि आवाज सोसवत नाहीत. आपल्याकडे त्यावर पहाटे दूध-जिलेबी खाण्याचा तोडगा पुष्कळांना ठाऊक असेल. मर्दनाने अर्धशिशी मुळापासून जाते, असे म्हणावयास आधार नाही. न्यूझीलंडमधील एका लहानशा प्रयोगात, मर्दन घेणाऱ्यांचे झटके कमी झाले व झोप सुधारली, असे २००६ साली आढळले; परंतु असे प्रयोग थोडे आहेत. तेव्हा दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांत मान व खांदे चेपून घ्यावेत, हे ठीक. झटका ऐन भरात असताना मात्र पुष्कळांना केसांतून फणी फिरविलेलीही सोसत नाही. अशा वेळी रगडणे म्हणजे दुखण्यात भर घालणे होय. अंधारी खोली, शांतता आणि डॉक्टरांनी दिलेले औषध वेळेवर घेणे, हाच त्या वेळचा उपाय.

राहिला जबडा. वरच्या व खालच्या दातांची गाठ जेवताना व गिळताना पडावी. एरवी ओठ मिटलेले आणि दात किंचित विलग, हीच जबड्याची विसाव्याची स्थिती. परंतु चिंतेने, घाईने वा एकाग्रतेने आपण नकळत दात आवळतो. कित्येकजण झोपेत करकर चावतात. मग सकाळी उठताच कानशिले दुखतात, कानापुढे खुट्ट वाजते आणि घास चावताना कळ येते. दात आवळून गालावर बोटे ठेवा. जो टणक गोळा उठतो तो चावण्याचा मुख्य स्नायू. कानाच्या वर, कानशिलावर बोटे ठेवून पुन्हा आवळा. तेथेही हालचाल कळेल. आपण ज्याला ‘डोके दुखते’ म्हणतो, ते पुष्कळदा याच दुसऱ्या स्नायूचे दुखणे असते.

आता कृती. पाठीला आधार देऊन बसावे. मान व खांद्यांवर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला पंचा पाच मिनिटे ठेवावा. नंतर खांद्यांच्या वरच्या कडा चिमटीत धरून सावकाश दाबाव्यात व सोडाव्यात. मग कवटीच्या मागच्या कडेखाली, मणक्याच्या दोन्ही बाजूंस असलेल्या खळग्यांत अंगठे ठेवून लहान लहान वर्तुळे काढावीत. त्यानंतर कानशिले आणि शेवटी गालांवरील तो गोळा, वरून खालच्या जबड्याच्या कोपऱ्याकडे. प्रत्येक जागी अर्धा ते एक मिनिट पुरे. सारे मिळून दहा मिनिटांत आटोपावे. जबड्यावर हात असताना तोंड किंचित उघडे ठेवावे. दाब सुखद दुखरा असावा. चेहरा वेडावाकडा झाला की तो अधिक झाला, असे समजावे. तेल घरचे खोबरेल असले तरी चालते. आणि या सर्वांहून मोठा उपाय फुकटाचा आहे: दर अर्ध्या-पाऊण तासाने आसनावरून उठावे, आणि दात आवळले आहेत काय, हे स्वतःस विचारावे.

आता तिसरा प्रश्न: हात कोठे आवरावा? गळ्याच्या पुढच्या बाजूस, जेथे नाडी उडते, तेथे मुळीच दाबू नये. केशकर्तनालयात मालिशीच्या शेवटी मान गर्रकन फिरवून कडकन वाजविण्याची चाल आहे. ती आपण होऊन बंद करावी. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन रोहिण्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर जातात. झटक्याने त्यांचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. असे क्वचितच होते हे खरे. पण एका ‘कडाक्या’च्या सुखासाठी हा जुगार कोणी का खेळावा? कारागीर वाईट नसतो. गिऱ्हाईकच तसे मागते. तेव्हा ‘मान फिरवू नका’ एवढे तीन शब्द आपणच आधी सांगावेत.

आणि काही डोकेदुखी अशी असते की तिला हात लावण्यात वेळ घालविणे हेच संकट. एकाएकी, क्षणार्धात, आयुष्यात कधी झाली नाही इतकी तीव्र वेदना. तापाबरोबर मान ताठणे. हातपाय लुळे पडणे, बोबडी वळणे, अंधारी येणे. डोक्यास मार लागल्यानंतरचे दुखणे. गर्भारपणात वाढलेल्या रक्तदाबासह होणारे दुखणे. डोळा लाल होऊन दिव्याभोवती वलये दिसणे, अशी लक्षणे दिसताच तेलाची बाटली बाजूस ठेवून रुग्णालय गाठावे. माझ्या वयाच्या मंडळींनी आणखी एक लक्षात ठेवावे. पन्नाशीनंतर कानशील नव्यानेच दुखू लागले, तेथे स्पर्श सोसवेना आणि घास चावताना जबडा भरून येऊ लागला, तर ती कानशिलाच्या रोहिणीची सूज असू शकते. आपल्याकडे हा विकार विरळा; पण वेळीच औषध न मिळाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. श्रमाबरोबर जबड्यात कळ येऊन छाती आवळली, तर दोष हृदयाचा समजावा.

जबड्याविषयी आपल्या देशास लागू असा एक इशारा दिलाच पाहिजे. सुपारी व गुटखा चघळणाऱ्यांचे तोंड हळूहळू कमी उघडू लागते. गालांच्या आतील अस्तर राठ होणारा हा विकार कर्करोगाची पूर्वसूचना ठरू शकतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी सुपारीची सवय गेलेली नाही. तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावत नसतील, तर गाल चोळीत न बसता दंतवैद्यास तोंड दाखवावे आणि सुपारी त्याच दिवशी टाकावी.

याच्या उलट बाजूस गोळ्यांचा अतिरेक आहे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर त्या गोळीनेच डोकेदुखी जडते, हे आता वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. अशा माणसाने डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या कमी कराव्यात. त्या काळात चेपणाऱ्या हाताचा आधार फार मोलाचा ठरतो.

शेवटी एक गोष्ट सांगून रजा घेतो. अर्धशिशी पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटीतिपटीने अधिक होते, असे जगभरचे मोजमाप सांगते. आता आपल्या घराकडे पाहा. कचेरीतून आलेल्या मुलाचे डोके आई चेपते, सासूचे सून चेपते, परीक्षेला बसलेल्या नातवाचे आजी चेपते. जिने सर्वांची डोकी चेपली, तिने मात्र कपाळाला घट्ट फडके बांधावयाचे आणि तसेच स्वयंपाकाला लागावयाचे! ‘हिला सवयच आहे’ असे आपण म्हणतो, आणि कित्येकदा उपचार करता येण्याजोगे दुखणे त्या एका वाक्याखाली वर्षानुवर्षे दडून राहते. ही विद्या मी आपणांस सांगितली ती घरातील पुरुषांनी आणि वाढत्या मुलांनी शिकावी, या हेतूने. दहा मिनिटांचे काम आहे. आज रात्री जेवणे आटोपल्यावर, जी कधी मागत नाही तिला विचारा, ‘डोके चेपून देऊ का?’ आणि दुखणे वरचेवर येते असे तिने सांगितले, तर चेपून झाल्यावर दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे घेऊन जा. तेव्हाच तुमच्या हाताने आपले काम पुरे केले, असे होईल.