सालीचे मोल



आम्ही पेशाने कामगार-कार्यकर्ते. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण मार्केट यार्डातल्या गोण्यांवर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. अशा माणसाने वनस्पतींतील औषधी द्रव्यांवर व्याख्यान द्यावे, हा कित्येकांना आगाऊपणा वाटेल. पण हमालाला एक खोड असते. पाठीवर गोणी घेतली की आत काय आहे, हे जाणून घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्याच खोडीपायी आम्ही येथे उभे आहोत.

प्रारंभ घरच्या मिरचीपासून करू. पथारीवर दिवसभर देठ खुडणाऱ्या बायांच्या हातांची आग रात्री पाण्यात हात बुडवूनही थांबत नाही, हे नंदुरबारकरांना सांगावयास नको. ही आग करणारे द्रव्य म्हणजे कॅप्सायसीन. ते बियांत तयार होत नाही; बिया ज्या पांढऱ्या शिरांना चिकटलेल्या असतात, तेथे होते. १९९७ साली अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस यांनी दाखवून दिले की, आपल्या मज्जातंतूंवरील जे दार खऱ्या उष्णतेने उघडते, तेच दार या द्रव्यानेही उघडते. म्हणजे हात भाजलेला नसतो, पण मेंदूकडे भाजल्याची वर्दी जाते. या शोधाला २०२१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. हे द्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही, तेलात विरघळते. आम्ही हे पथारीवर सांगितले तेव्हा एक म्हातारी म्हणाली, “मग भाऊ, आधी तेल चोळायचं आणि मग साबण लावायचा, असंच ना?” आम्ही म्हणालो, “असंच, आजी.” विज्ञान म्हणतात ते याहून फार निराळे नसते. द्रव्य ओळखावे, त्याचा गुण ओळखावे, आणि मग हाताला आराम पडेल असे काही करावे.

आता एका दुःखाची गोष्ट सांगतो. आमच्या एका हमाल बंधूच्या पत्नीच्या छातीत गाठ आली. कोणी सांगितले, झाडपाल्याचे औषध घ्या, त्याने अपाय म्हणून होत नाही. चार महिने मुळ्या उगाळण्यात गेले. शेवटी आम्ही तिला मोठ्या शहरातील इस्पितळात घेऊन गेलो. तेथे सलाईनमधून जे औषध थेंब थेंब चढत होते, त्याचे नाव आम्ही बाटलीवरून वहीत उतरवून घेतले : पॅक्लिटॅक्सेल. गावी परतल्यावर वाचनालयात शोध केला आणि थक्क झालो. ते औषध झाडाच्याच सालीतून निघालेले होते. आणि ज्या दोघांनी ते प्रथम वेगळे काढले, त्यांतील एकजण आपल्या नंदुरबारात जन्मला होता.

त्यांचे नाव डॉ. मनसुख वाणी. जन्म १९२५ चा. ज्या शिरीषकुमारने १९४२ साली याच गावात छातीवर गोळ्या झेलल्या, त्याच्याहून जेमतेम पावणेदोन वर्षांनी मोठे. शिरीषकुमारचे स्मारक आपण बांधले, ते योग्यच केले. पण वाणींचे नाव या सभागृहात किती जणांनी ऐकले आहे? आम्हीही बाटली वाचण्यापूर्वी ऐकले नव्हते.

वाणी मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले. भवन्स महाविद्यालयात त्यांनी शिकवले, पुढे अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि १९६२ साली नॉर्थ कॅरोलिनामधील रिसर्च ट्रायँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्या हाताखाली रुजू झाले. अमेरिकन सरकारने त्या सुमारास कर्करोगावर गुणकारी अशा वनस्पतींचा मोठाच धांडोळा आरंभला होता. सुमारे वीस वर्षांत १,१४,००० अर्क तपासले गेले. त्यांत १९६२ साली आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्यातील अरण्यातून पॅसिफिक यू या झाडाचे नमुने आणले होते.

काम कसे चालते पाहा. साल वाळवून तिचा अर्क काढावयाचा. तो पेशींवर टाकून पाहावयाचा. गुण दिसला तर त्या अर्काचे दहा भाग करावयाचे, दहाही पुन्हा तपासावयाचे. ज्यात गुण आढळेल तो ठेवावयाचा, बाकीचे बाजूला सारावयाचे, आणि उरलेल्याचे पुन्हा भाग पाडावयाचे. शंभर गोण्यांतून एक हरवलेले नाणे शोधण्यासारखे हे काम. वॉल आणि वाणी यांना १२ किलो वाळल्या सालीतून व खोडातून हाती लागले ते अर्धा ग्रॅम द्रव्य! त्याची घडण पक्की ठरवून १९७१ साली त्यांनी ती जगापुढे मांडली. वॉल यांनी त्याला नाव दिले टॅक्सॉल. त्याआधी, १९६६ साली, याच जोडीने एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसीन नावाचे दुसरे द्रव्य काढले होते.

टॅक्सॉल करते काय, हे १९७९ मध्ये सुसान हॉर्विट्झ यांनी उलगडले. पेशी दुभंगताना तिच्यात सूक्ष्म नळ्यांची परांची उभी राहते आणि काम झाले की मोडली जाते. टॅक्सॉल त्या परांचीच्या गाठी इतक्या घट्ट आवळते की ती सुटतच नाही. पेशीला दुभंगता येत नाही आणि ती मरते. १९९२ साली अमेरिकेत हे औषध बीजाशयाच्या कर्करोगासाठी मान्य झाले, १९९४ साली स्तनाच्या. म्हणजे साल गोळा झाल्यापासून रोग्याच्या शिरेत औषध जाईपर्यंत तीस वर्षे गेली!

येथे दोन भ्रम सोडावे लागतात. पहिला, ‘निसर्गातले ते निरुपद्रवी’. यू हे झाड विषारी आहे. कॅम्प्टोथेसीनच्या एका क्षाराच्या चाचण्या १९७० नंतर थांबवाव्या लागल्या, कारण रोग्यांच्या मूत्राशयातून रक्त जाऊ लागले. त्याच द्रव्याच्या घडणीत फेरफार करून केलेली दोन औषधे १९९६ साली मान्य झाली. मात्रा आणि चाचणी यांवाचून औषध नाही. दुसरा भ्रम याच्या उलट : ‘झाडपाला म्हणजे अडाण्यांचा खेळ’. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण ब्रिटिश नियतकालिकात मांडला, तेव्हा जगाचे डोळे उघडले. मुळी वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक होती. वकिलांनी तिला मोजमापाची कसोटी लावली. वैदू खोटा नाही आणि देवही नाही. त्याचे म्हणणे तपासून पाहावे, एवढाच त्याचा खरा मान.

आता आमच्या धंद्याचा प्रश्न. साल सोलली कोणी, आणि मोल कोणाला मिळाले? अमेरिकन सरकारच्याच हिशेबतपासनीसांनी २००३ साली अहवाल दिला. त्यानुसार टॅक्सॉल विकणाऱ्या कंपनीने २००२ अखेर ९०० कोटी डॉलरची विक्री केली. सरकारी संशोधनसंस्थेला हक्कशुल्कापोटी मिळाले साडेतीन कोटी. शोध सार्वजनिक पैशांतून झाला होता, हे विसरू नका. नफ्याला आमचा सरसकट विरोध नाही. प्रयोगशाळेतून रोग्यापर्यंत औषध नेण्यास खर्च येतो, हे आम्ही जाणतो. पण प्रमाण काही असावे की नाही?

झाडालाही दाम मोजावा लागतो. साल काढली की ते यू झाड मरत असे. सुटका अशी झाली की, फ्रान्समध्ये प्येर पोतिए यांनी युरोपीय यूच्या पानांतून जवळचे द्रव्य काढून त्यापासून औषध घडवण्याची वाट दाखवली. पाने पुन्हा फुटतात. १९९३ साली तर यूच्या सालीच्या आत राहणारी एक बुरशी स्वतःच थोडेसे टॅक्सॉल बनवते, असे अमेरिकेत आढळले. आपल्या सह्याद्रीतील नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसीन भरपूर, म्हणून त्याच्यावर चोरून कुऱ्हाड चालते. त्याच झाडाच्या आत राहणारी, ते द्रव्य बनवणारी बुरशी जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००५ साली दाखवली. या बुरशांचे उत्पन्न फारच अल्प. त्यांवर कारखाना चालेल अशी आज स्थिती नाही. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या जीवाची आशा झाड वाचले तरच टिकेल.

आपल्या सातपुड्याचे पाहा. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतींचा ग्रंथ डॉ. डी. ए. पाटील यांनी २००३ साली सिद्ध केला. वाचनालयाने तो ठेवावा. सफेद मुसळीला शास्त्रीय नाव मिळाले ते बोरिवलीवरून. फादर सांतापाऊ आणि फर्नांडिस यांनी १९५४ च्या सुमारास तिची ओळख करून दिली. ती मुळासकट उपटली जाते. बी गळण्याआधी उपटली तर पुढल्या वर्षी काय उगवणार? ज्याला आज संध्याकाळची चूल पेटवावयाची आहे, त्याला थांब म्हणणे सोपे आहे. त्याला रास्त भाव दिला तरच तो थांबेल.

कायदे आहेत. २००२ चा जैवविविधता कायदा लाभाचा वाटा स्थानिकांना द्या म्हणतो, आणि गावाची नोंदवही ठेवा म्हणतो. २००६ चा वनहक्क कायदा गौण वनोपज वनवासीयांच्या मालकीची मानतो. २०२३ च्या दुरुस्तीने पहिल्या कायद्यातील काही जणांना वाटा देण्यातून सूट मिळाली. तिच्यावर गावाने लक्ष ठेवले पाहिजे. वाटा देता येतो, याचा दाखलाही आहे. केरळातील काणी आदिवासींनी दाखवलेल्या वनस्पतीपासून औषध झाले, तेव्हा १९९५ साली परवान्याचे १० लाख रुपये आणि विक्रीवर २ टक्के ठरले, आणि त्यातील निम्मे काणींना देण्याचे ठरले.

म्हणून आमची मागणी लहान आहे. डोंगरातून उतरणाऱ्या प्रत्येक गोणीवर वनस्पतीचे नाव, वजन आणि गाव लिहा. महाविद्यालयातील मुलांनी वैदूंकडे जाऊन, त्यांच्या संमतीने, त्यांच्या नावासह ज्ञानाची नोंद करावी. आणि घरात कोणाला गाठ आली, तर आधी इस्पितळ गाठावे.

त्या बाईंना औषधाने दोन वर्षे मिळाली. चार महिने आधी नेले असते तर किती मिळाली असती, हे डॉक्टरांनी सांगितले नाही आणि विचारण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. डॉ. वाणी एप्रिल २०२० मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी, परमुलखात वारले. तेव्हा सारे गाव टाळेबंदीत होते, आणि येथे कोणाला कळलेही नाही. आज कळले, एवढ्यावर समाधान मानून आम्ही आपली रजा घेतो.