कुलूप कशाला लावावे?



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आजचा विषय वाचून आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला असेल. कृत्रिम उपग्रह, अवकाशयाने आणि त्यांच्या निर्यातीवरील निर्बंध! या गोष्टींचा आणि आमच्या शिवाजी पेठेचा संबंध काय? हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच मी सुरुवात आकाशापासून न करता पंचगंगेपासून करणार आहे.

२०१९ सालचा ऑगस्ट आणि २०२१ सालचा जुलै हे दोन महिने कोल्हापूरकर विसरू म्हटले तरी विसरणार नाहीत. पाणी कोठवर चढले, कोणती गावे वेढली गेली, कोणता रस्ता बुडाला, हे सारे एका दृष्टिक्षेपात पाहायचे तर उंचावरून पाहिले पाहिजे. पण पूर येतो तेव्हा आभाळ ढगांनी भरलेले असते आणि उपग्रहावरील साधा कॅमेरा त्या वेळी आंधळा होतो. रडारचे तसे नाही. त्याच्या लहरी ढगांतून आरपार जातात. त्यांना रात्र आणि दिवस सारखाच. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून 'निसार' नावाचा असाच एक रडारवाहू उपग्रह आकाशात गेला. त्याच्यावर दोन रडार आहेत. एक अमेरिकेच्या नासा संस्थेचे, दुसरे आपल्या इस्रोचे. पृथ्वीची जमीन किती खचली, किती सरकली हे तो सेंटिमीटरच्या हिशेबात मोजू शकतो.

आता यातली गंमत पाहा. सुमारे २,४०० किलो वजनाचा हा उपग्रह ज्या अग्निबाणाने वर नेला त्याचे नाव जीएसएलव्ही. त्या अग्निबाणाच्या शेवटच्या टप्प्यात भारतात घडवलेले क्रायोजेनिक, म्हणजे अतिशीत इंधनावर चालणारे इंजिन आहे. आणि या जातीच्या इंजिनाची विद्या भारताच्या हाती पडू नये म्हणून १९९२ साली त्याच अमेरिकेने आपल्या इस्रोवर निर्बंध लादले होते! ज्या दाराला एके काळी कुलूप घातले, त्याच दारातून पुढे त्यांचे स्वतःचे रडार आकाशात गेले. तेव्हा, ते कुलूप घालण्यात शहाणपण होते काय, आणि कुलूप घालायचेच तर ते कशाला घालावे, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम हे लक्षात घेऊ या की आरंभी दारे उघडी होती. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून पहिला अग्निबाण उडाला, तो अमेरिकन होता. १९७४ साली फ्रान्सशी करार होऊन 'व्हायकिंग' इंजिनाची विद्या आपणांस मिळाली. तिचे मोल आपण मुख्यतः आपल्या अभियंत्यांच्या श्रमांनी फेडले. ते फ्रान्समध्ये जाऊन राबले आणि शिकून परत आले. त्यातूनच आपले 'विकास' इंजिन जन्माला आले. आपल्या महाराष्ट्राचा हातही या कामाला लागला. पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर घन इंधनाच्या कामात अग्रभागी राहिले आणि पुढे तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात विकास इंजिने तयार होऊ लागली. आणि इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर, जे आपण उसासाठी आणि साखरेसाठी ओळखतो, तेथल्या कारखान्यात अग्निबाणांची पोलादी कवचे घडू लागली. साखर कारखान्याची यंत्रे करणाऱ्या हातांनीच हे काम केले, ही गोष्ट उद्यमनगरच्या माणसाला वेगळी समजावून सांगायला नको.

मग दार बंद का झाले? येथे आपण दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. उपग्रह वर नेणारा अग्निबाण आणि बाँब नेणारे क्षेपणास्त्र ही एकाच आईची लेकरे आहेत. १९८० साली ज्या एसएलव्ही–३ अग्निबाणाने आपण 'रोहिणी' उपग्रह वर नेला, त्याच्या पहिल्या टप्प्यातील घन इंधनाची मोटार घेऊनच १९८९ सालच्या 'अग्नी' क्षेपणास्त्राचा पहिला टप्पा झाला. म्हणजे जगाला शंका आली ती सर्वस्वी निराधार नव्हती. त्याआधीच, १९८७ साली, सात औद्योगिक राष्ट्रांनी क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्था उभी केली होती. ५०० किलोचा भार ३०० किलोमीटरपर्यंत नेऊ शकेल अशी साधने आणि त्यांची विद्या इतरांना देताना अत्यंत सावध राहावे, असा तिचा दंडक होता. तो दंडक मुळात वाईट होता असे मी म्हणणार नाही.

वाईट झाले ते त्याचा वापर करताना. १९९१ च्या जानेवारीत इस्रोने सोव्हिएत संघाच्या ग्लावकॉसमॉस या संस्थेशी क्रायोजेनिक इंजिने आणि ती घडवण्याची विद्या मिळवण्याचा करार केला. हे इंजिन चालते कशावर? उणे २५३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलेला द्रव हायड्रोजन आणि उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन यांवर. हे द्रव टाकीत भरायला तासन्‌तास लागतात आणि भरून ठेवावेत तर ते उकळून उडून जातात. क्षेपणास्त्र हे भरलेल्या बंदुकीसारखे सदा सज्ज असावे लागते. 'थांबा हो, आधी हायड्रोजन थंड करून घेतो,' असे शत्रूला कोण सांगणार? जे इंजिन रणांगणाला इतके गैरसोयीचे, त्याच्यासाठी मे १९९२ मध्ये अमेरिकेने इस्रो आणि ग्लावकॉसमॉस या दोघांवर दोन वर्षांचे निर्बंध घातले. सोव्हिएत संघ तोवर मोडला होता आणि रशिया अडचणीत होता. १९९३ साली त्याने माघार घेतली. तयार इंजिने मिळतील, ती घडवण्याची विद्या मिळणार नाही, असे ठरले. माशाचे वाटे मिळाले; जाळे विणायला मात्र कोणी शिकवले नाही.

पुढचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो, पण तो पुरता सांगत नाही. रशियन इंजिन लावलेला पहिला जीएसएलव्ही एप्रिल २००१ मध्ये उडाला. आपले स्वतःचे क्रायोजेनिक इंजिन लावलेला अग्निबाण १५ एप्रिल २०१० रोजी उडाला आणि समुद्रात कोसळला; हायड्रोजन पुढे ढकलणारा पंप क्षणार्धात बंद पडला होता. अखेर ५ जानेवारी २०१४ रोजी यश आले. १९९३ ते २०१४, म्हणजे एकवीस वर्षे! या काळात आपले जड दळणवळण उपग्रह युरोपीय एरियान अग्निबाणांनी दक्षिण अमेरिकेतील कुरू येथून पैसे मोजून पाठवावे लागले. म्हणून 'त्यांनी अडवले, तरी आमचे काय बिघडले?' अशी फुशारकी मारण्यात अर्थ नाही. बिघडले, एका पिढीचा वेळ गेला. पण ज्यांनी अडवले त्यांना काय मिळाले? विद्या अडली नाही, फक्त लांबली. आणि ती स्वतःच्या कष्टाने मिळाल्यामुळे तिच्यावर त्यांचा कसलाही लगाम राहिला नाही.

कोल्हापूरला हा अनुभव नवा नाही. १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी चित्रपट काढायचा म्हणून याच शहरात आपल्या सहकाऱ्यांच्या मदतीने कॅमेरा स्वतः घडवला. त्यांना कोणी बंदी केली होती असे नव्हे; पण हवी ती वस्तू सहजी मिळेना, तेव्हा हुन्नरी माणूस ती घडवतो, ही गोष्ट आपण डोळ्यांनी पाहिलेली आहे. कुलूप आळशाला अडवते; हुन्नर असलेल्याला फक्त उशीर करते.

याहून मोठा धडा स्वतः अमेरिकेने स्वतःला शिकवला. १५ फेब्रुवारी १९९६ रोजी चीनच्या शीचांग तळावरून 'इंटेलसॅट ७०८' हा अमेरिकेत बनवलेला उपग्रह घेऊन निघालेला चिनी अग्निबाण काही सेकंदांत कोसळला. त्या अपघाताच्या चौकशीत अमेरिकन कंपन्यांच्या तज्ज्ञांनी चिन्यांना नको ती माहिती सांगितली, असा आरोप झाला आणि मोठे वादळ उठले. ते निराधार होते असेही नाही. पण त्या संतापाच्या भरात अमेरिकेच्या काँग्रेसने १९९८ साली कायदा केला आणि १९९९ पासून व्यापारी दळणवळण उपग्रहसुद्धा तोफा-बंदुकांच्या यादीत जाऊन बसले. दूरदर्शनचे कार्यक्रम वाहून नेणारा उपग्रह आणि रणगाडा एका पंक्तीला! नुसता उपग्रहच नव्हे, तर त्याचे सुटे भागही. मित्रराष्ट्राला एखादा भाग पाठवायचा, नव्हे त्याच्याबद्दल तांत्रिक बोलणे करायचे, तरी परवाना हवा.

परिणाम काय झाला? युरोपातील कारखानदारांनी अमेरिकन भाग न वापरता उपग्रह बनवले आणि 'आमच्या मालाला अमेरिकन परवान्याची कटकट नाही' हीच त्याची जाहिरात केली. असे उपग्रह चिनी अग्निबाणांवरून आकाशात गेलेही. चीन थांबला नाही, गिऱ्हाईक मात्र तुटले. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार होता. अखेर २०१३ च्या आरंभी नवा कायदा झाला आणि २०१४ च्या नोव्हेंबरपासून बहुतेक व्यापारी उपग्रह शस्त्रांच्या यादीतून काढून साध्या व्यापारी नियंत्रणाच्या यादीत आले. चीनवरील बंदी तशीच राहिली. सुधारणा म्हणजे सगळी दारे सताड उघडणे नव्हे, हे यातून दिसते. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर इस्रोच्या संस्थांवर आलेली बंधनेही टप्प्याटप्प्याने सैल होत गेली आणि जानेवारी २०११ मध्ये इस्रोचे नाव त्या काळ्या यादीतून निघाले.

इथवर आपण दुसऱ्यांच्या कुलपांविषयी बोललो. दुसऱ्याचे दोष दाखवणे सोपे, आणि टाळ्याही त्याला पडतात. पण खरा प्रश्न पुढेच आहे. २७ जून २०१६ रोजी भारत त्याच क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेचा सभासद झाला. काल आपण दाराबाहेर उभे होतो. आज किल्ल्यांचा जुडगा आपल्याही कमरेला आहे. आपल्याकडे 'स्कोमेट' नावाची यादी आहे. विदेश व्यापार महासंचालनालय ती सांभाळते आणि अवकाशातील साधनांना तिच्यात स्वतंत्र विभाग आहे. त्या यादीतील वस्तू परदेशी पाठवायची तर परवाना लागतो. ती कोण वापरणार, कशासाठी वापरणार याचे प्रमाणपत्र लागते. आणि अनेक मंत्रालयांच्या प्रतिनिधींचा गट विचार करून होकार किंवा नकार देतो. केवळ वस्तूच नव्हे, यादीतील वस्तूचे आराखडे संगणकावरून परदेशी धाडले तरी ती निर्यातच ठरते.

२०२० पासून अवकाशाचे क्षेत्र खाजगी उद्योगांना खुले झाले. उद्या शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या कारखानदाराकडे परदेशातून उपग्रहाच्या सुट्या भागाची मागणी आली, तर त्याचा पहिला प्रश्न लेथचा किंवा धातूचा असणार नाही. 'माझा भाग या यादीत बसतो की नाही?' हा असेल. मोठ्या कंपनीकडे त्यासाठी वकील असतो. आमच्या मिस्त्रीकडे कोण आहे? उत्तर येईपर्यंत मागणी दुसऱ्या देशात जाते. आणि न विचारता माल धाडला, तर अजाणतेपणी कायदा मोडतो. दोन्हीकडून मरण गरिबाचेच.

काही वर्गांच्या वस्तूंसाठी दर वेळी परवाना न मागता सर्वसाधारण परवानगी देण्याची पद्धत आपल्याकडे सुरू झाली आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. तिच्या पुढे जाऊन चार गोष्टी व्हाव्यात असे मला वाटते. पहिली, यादी वस्तूच्या नावावरून नव्हे, तिच्या गुणावरून आणि उपयोगावरून ठरावी. क्षेपणास्त्राला नेमका मार्ग दाखवणारे यंत्र वेगळे आणि उपग्रहाला धरून ठेवणारा कंस वेगळा. दुसरी, जी वस्तू जगाच्या बाजारात कोठेही मिळते तिच्यावर आपण एकट्याने पहारा ठेवू नये. तिसरी, यादीत प्रत्येक वस्तू ठराविक मुदतीपुरतीच असावी आणि मुदत संपली की ती तेथे का ठेवायची याचे कारण नव्याने द्यावे लागावे. नाहीतर यादी नुसती वाढते, कमी होत नाही. आणि चौथी, लहान कारखानदाराला विनामूल्य सल्ला आणि ठरलेल्या दिवसांत उत्तर मिळावे, मग ते नकाराचे का असेना. वेळेवर आलेला नकार हा लांबलेल्या होकारापेक्षा पुष्कळदा बरा असतो.

मात्र जे खरोखर घातक आहे त्याच्या बाबतीत तिळमात्र ढिलाई नको. ज्याच्या हाती दिल्याने उद्या एखादे शहर जळेल, ते कितीही किंमत आली तरी विकू नये. व्यापार वाढेल म्हणून शेजाऱ्याच्या घरात आग लावायची काडी देणे हा धंदा नव्हे. आपल्या घरची रीत आठवा. आपण दागिन्यांच्या पेटीला कुलूप लावतो; पाण्याच्या हंड्याला लावत नाही. हंड्यालाही कुलूप लावले, तर घरातली माणसेच तहानलेली राहतील, आणि दिवसातून वीसदा कुलूप उघडता उघडता दागिन्यांची पेटी एक दिवस उघडीच राहून जाईल. सगळ्यावर पहारा म्हणजे कशावरच पहारा नाही.

१९९२ साली आपण जो अन्याय सोसला त्याची आठवण आपण दोन प्रकारे ठेवू शकतो. सासुरवास सोसलेली सून पुढे सासू झाली म्हणजे तसाच सासुरवास आपल्या सुनेला करते, हा एक प्रकार. 'मला जे सोसावे लागले ते हिला नको,' असे म्हणणारी सासूही असते, हा दुसरा. उद्या आपल्याहून लहान एखादे राष्ट्र पुराचा इशारा देणारा किंवा पिके पाहणारा उपग्रह करू म्हणेल आणि आपल्या दारी एखादा भाग, थोडी विद्या मागायला येईल, त्या दिवशी आपण यांपैकी कोण ठरणार आहोत? या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही. ते आपणच घरी जाताना मनाशी द्यावे.