शिडाच्या होडीचा पहिला धडा
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आपण दरवर्षी पूर्वजांचे गुणगान ऐकतो. आंग्र्यांच्या आरमाराचा उल्लेख झाला की आपली छाती फुगते, आणि ते योग्यच आहे. परंतु शिडाची होडी एकट्याने कोणी चालविली आहे, असे मी समोरच्या मुलांस विचारले, तर किती हात वर होतील? होड्यांना यंत्रे बसली आणि शिडे उतरली. यंत्राला मी नावे ठेवीत नाही. त्याने आपल्या माणसांचे श्रम वाचविले. मात्र वाऱ्याची ओळख आपण गमावून बसलो. नवशिक्यांस ही विद्या कशी शिकवावी, हे सांगण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, याबद्दल मी ऋणी आहे.

आरंभी एक कबुली देतो. मी शिकवू लागलो त्या पहिल्याच वर्षी आपल्याच ज्ञातीतील बारा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला. आजोबा नावाजलेले तांडेल, मुलगा पट्टीचा पोहणारा. मी चार दिवस वाळूत बसवून त्याला दोरांची नावे आणि गाठी शिकविल्या. पाचव्या दिवशी खाडीत वाऱ्याचा झोत आला व होडी उलटली. मुलाने होडी सोडली आणि किनाऱ्याकडे हात मारू लागला. ओहोटी लागलेली होती. ती त्याला खाडीच्या मुखाकडे ओढू लागली. वल्ह्यांच्या होडीने मी त्याला गाठले, तेव्हा तो पुरता दमला होता. त्याला पोहता येत होते म्हणूनच त्याने होडी सोडली! उलटलेली होडी हाच पाण्यातला सर्वांत सुरक्षित आधार होय, हे मी त्याला सांगितलेच नव्हते. तांडेलाच्या नातवाला ते ठाऊक असणारच, असे मी गृहीत धरले. दुसऱ्या दिवशी त्याची आजी आली आणि एवढेच म्हणाली, “दर्यानं आमचं एक माणूस नेलंय बाबा, आता पुरे.” तो मुलगा पुन्हा आला नाही. दोष त्याचा नव्हता, आजीचा तर मुळीच नव्हता. तो माझा होता.

तेव्हापासून माझा पहिला धडा होडी उलटविण्याचा असतो. प्रत्येकाच्या अंगात जाकीट, कमरेइतके पाणी, आणि होडी मुद्दाम आडवी करावयाची. होडीला धरून राहावयाचे, वळसा घालून तळाकडे जावयाचे, तळातून बाहेर आलेल्या फळीवर भार द्यावयाचा. होडी आपोआप उभी राहते. मग मागल्या बाजूने चढून पाणी उपसावयाचे. असे चार वेळा केले की मुले हसू लागतात. भय गेल्यावाचून विद्या शिरत नाही.

दुसरी गोष्ट होडीच्या निवडीची. मोठ्या होडीत जाणता माणूस सुकाणूवर बसला की मूल केवळ उतारू होते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात क्लार्क मिल्स यांनी 1947 साली मुलांसाठी ‘ऑप्टिमिस्ट’ नावाची होडी आखली. लांबी सुमारे पावणेआठ फूट, वजन 35 किलो, शीड एक आणि नावाडीही एकच. आत हवेच्या पिशव्या असल्याने ती उलटली तरी बुडत नाही. आज जगभर मुले तिच्यावर शिकतात.

तिसरी गोष्ट वेळेची. पहाटेचा मतलई वारा मंद व गोड असतो, पण तो नवशिक्याला जमिनीपासून दूर नेतो. दुपार चढता खारा वारा सुटतो. तो आरंभी हलका असतो आणि चुकलेल्याला किनाऱ्याकडे परत आणतो. तीच शिकविण्याची घटका. तिसऱ्या प्रहरी तो जोर धरण्यापूर्वी होड्या वर ओढाव्यात. भरती-ओहोटीची वेळ पाहिल्याशिवाय तर दोर सोडूच नये.

मग सुकाणू. दांडी ज्या बाजूस ढकलावी, त्याच्या उलट नाळ वळते, हे हाताला कळण्यास एक सकाळ पुरते. वाऱ्याच्या थेट समोर होडी जात नाही. नागमोडी वाटेने जावे लागते. झोत आला की नवशिका शिडाचा दोर अधिकच आवळतो. तेथेच होडी कलंडते. दोर सैल सोडला की शीड फडफडते आणि होडी शांत होते.

शिक्षकालाही हेच लागू आहे. मूल चुकले की हात आपोआप सुकाणूकडे धावतो, तो आवरावा. शेजारच्या होडीतून लक्ष ठेवावे, पण चूक त्याची त्यालाच सुधारू द्यावी.

2023 साली चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत नेहा ठाकूर या मुलीने शिडाच्या होडीच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले. ती मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यातील शेतकऱ्याची मुलगी. ज्या राज्याला समुद्रकिनाराच नाही, तेथील ही कन्या भोपाळच्या तलावात शिकली! आणि आपण? दाराशी दर्या असून मुलीने होडीत पाय ठेवू नये, ही रूढी आपल्यापैकी कित्येक घरांत अजून टिकून आहे.

बंधुभगिनींनो, दर्या रक्तातून येत नाही; तो हाताला शिकवावा लागतो. संस्थेने दोन लहान होड्या, पुरेशी जाकिटे आणि सोबतीला वल्ह्यांची एक होडी, एवढी तरी सिद्धता करावी. शिकविण्यास मी आहेच. माझ्या चुकीमुळे एका आजीचा विश्वास मी गमावला. इथल्या आज्यांनी आपली नातवंडे, नातीसुद्धा, माझ्या हाती द्यावीत, एवढीच या वयात माझी मागणी आहे. ती पूर्ण झाली, तर पुढील संमेलनात मी विचारलेल्या प्रश्नाला काही हात तरी वर होतील.