परातीतला दगड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या वाढदिवशी मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली. मी सातवी शिकलेली बाई. पापड-लोणच्यांवर बोलले असते तर कोणी चूक काढली नसती. पण यंदा आमच्या घरात एका दगडावरून वाद झाला, तोच तुमच्यापुढे मांडते.

माझी धाकटी मुलगी यंदा विज्ञान घेऊन बारावी पास झाली. एके दिवशी म्हणाली, "आई, मला भूगर्भशास्त्र शिकायचे आहे. पुढे जमले तर परदेशी जाऊन समुद्रातल्या पोवळ्यांच्या खडकांचा अभ्यास करीन." मी नाचणीची भाकरी थापीत होते. म्हटले, "आपल्या वावरात दगड थोडे आहेत, म्हणून दगड शिकायला समुद्रापार जाणार?" सासूबाई हसल्या. हे गप्प राहिले. मुलगी दोन दिवस कामापुरतीच बोलली.

तिसऱ्या दिवशी तिने परातीत एक काळा दगड ठेवला, त्याच्याभोवती मळलेल्या पिठाचे कडे केले आणि पाणी ओतू लागली. पाणी चढेल तसे ती कड्यावर पीठ चढवीत गेली. शेवटी दगड बुडाला आणि पाण्यावर नुसते पिठाचे कडे राहिले. "बघ आई," ती म्हणाली, "पोवळ्याचे बेट असे होते."

मग तिने समजावून सांगितले. पोवळे म्हटले की आपल्याला माळेतला लाल मणी आठवतो. खडक बांधणारी पोवळी वेगळ्या जातीची. ते बारीक, मऊ जीव असतात आणि स्वतःभोवती चुन्याचे घर करतात. एक मेला की त्याच्या घरावर दुसरा घर बांधतो. त्यांच्या अंगात सूक्ष्म वनस्पती राहतात, त्यांना ऊन लागते. म्हणून ही पोवळी उथळ पाण्यातच वाढतात. ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचत गेले की उजेड सुटू नये म्हणून ती वर वर बांधीत जातात. ही गोष्ट चार्ल्स डार्विन यांनी 1842 साली पुस्तकात मांडली. पुष्कळांना ती पटली नाही. पुढे 1952 साली पॅसिफिक महासागरातल्या एनिवेटोक बेटावर भोक पाडले, तेव्हा 1,200 मीटरहून अधिक चुनखडक लागला आणि त्याखाली ज्वालामुखीचा काळा पाषाण निघाला.

बायांनो, आपल्या जव्हार-मोखाड्याचे डोंगरही लाव्हाचेच. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी तो थिजला. ज्या दगडावर आपण धुणे आपटतो, त्याच्याच जातीचा दगड त्या बेटाखाली आहे. हे ऐकले तेव्हा मुलगी काही परक्याचे शिकायला निघालेली नाही, असे मला प्रथमच वाटले.

तरी मी विचारले, "आपल्यातली कोणी बाई असे शिकली आहे का?" तेव्हा तिने अदिती पंत यांचे नाव सांगितले. त्या नागपूरला 1943 साली जन्मल्या. पुणे विद्यापीठातून बी. एस्सी. झाल्या. समुद्रावरचे एक पुस्तक वाचून त्यांच्या मनाने घेतले आणि अमेरिकी सरकारची शिष्यवृत्ती मिळवून त्या हवाई विद्यापीठात गेल्या. हवाई म्हणजे लाव्हाचीच बेटे, कडेने पोवळ्यांची वस्ती. बाईंचा विषय मात्र खडकांचा नव्हता, समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचा होता. लंडनला पीएच. डी. करून त्या परत आल्या आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करू लागल्या. 1983 साली त्या अंटार्क्टिकाच्या बर्फावर गेल्या. त्यांच्यासोबत सुदीप्ता सेनगुप्ता या भूगर्भशास्त्र शिकलेल्या बंगाली बाई होत्या. भारताच्या मोहिमेतून तिथे जाणाऱ्या पहिल्या स्त्रिया त्या दोघीच. आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला निघाल्या 1883 साली. मध्ये बरोबर शंभर वर्षे गेली.

आणि शिकण्यासारखे आपल्या दाराशीही आहे. मालवणच्या समुद्रात पोवळी आहेत, लक्षद्वीप तर पोवळ्यांचेच. समुद्र तापला की पोवळी पांढरी पडतात आणि बरीच मरतात. हे नीट पाहणारी, मोजणारी माणसे हवीत. त्यांत आपल्या मुली का नसाव्यात?

आता खरे सांगते. मी नाही म्हटले ते पैशाच्या भीतीने म्हटले नव्हते. मला सातवीनंतर घरी बसवले, तेव्हा मी रडले होते. माझ्या आईने जे शब्द वापरले, तेच त्या दिवशी माझ्या तोंडून निघाले. ते ऐकून माझी मलाच लाज वाटली.

परदेश अजून लांब आहे. आधी बी. एस्सी. होऊ दे. तिचा फॉर्म भरला आहे. आदिवासी मुलामुलींना परदेशी शिकायला सरकारी शिष्यवृत्त्याही आहेत, त्यांची चौकशी आपल्या मंडळाने वेळेवर करून ठेवावी. दुसरी विनंती अशी, की कोणाची मुलगी शिकायला निघाली तर पाणवठ्यावर "लग्न कधी?" हे पहिले विचारू नका. "काय शिकतेस?" असे विचारा. तिने सांगितलेले सगळे कळले नाही तरी चालेल. परात आणि पीठ आपल्या घरात असतेच.